कॅमेरा बुक करायच्या आधी: स्टुडंट फिल्मचं प्लॅनिंग आणि पिच, एका एसटीच्या उदाहरणाने

सेमिस्टर संपत आलं की मला दरवर्षी साधारण एकाच प्रकारचे मेसेज येतात. दादा स्क्रिप्ट झालीये, कॅमेरा ठरलाय, पुढच्या आठवड्यात शूट आहे आणि परवा कॉलेजमध्ये पिच आहे, तर पिचमध्ये नक्की काय बोलायचं असतं? मी उलट विचारतो की रेकी, म्हणजे शूटच्या जागेची पाहणी, झाली का, सीनचं ब्रेकडाऊन, म्हणजे कशात काय लागतं त्याची यादी, केलंय का, घरमालकांशी बोलणं झालंय का, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की ते पिच पास झाल्यावर करणार आहोत. इथेच गाडं अडतं. पिचमध्ये जे प्रश्न विचारले जातात त्यांची उत्तरं रेकी आणि ब्रेकडाऊनमधूनच मिळतात, ती आदल्या रात्री स्लाईड बनवताना सापडत नाहीत. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आधी शब्द सोपे करून घेऊ. प्री-प्रॉडक्शन म्हणजे पहिला शॉट लागायच्या आधीचं सगळं काम, लिखाणापासून चहाच्या थर्मासपर्यंत. आणि पिच म्हणजे ज्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, पैसे, कॅमेरा, मार्क, परवानगी किंवा स्वतःचं घर, त्याला तुमची फिल्म सांगून ते मागणं. घर मी मुद्दाम लिहिलंय. ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात तुमची पंधरा पोरं तीन दिवस वावरणार आहेत त्यांना फिल्म समजावून सांगणं हेही पिचच आहे, आणि माझ्या मते ते प्राध्यापकांसमोरच्या पिचपेक्षा अवघड आहे.

आपल्याकडे हे काम सगळ्यात सुंदर कोणी केलं असेल तर दादासाहेब फाळक्यांनी. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा आणि सामान मागवून परत आले तेव्हा या धंद्यात पैसे घालायला माणूस मिळणं कठीण होतं, साहजिकच आहे, जी गोष्ट कोणी इथे उभी राहताना बघितली नाही तिच्यावर कर्ज कोण देणार. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो रुजून वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं, म्हणजे पडद्यावर बघताना ते रोप डोळ्यांसमोर वर येतं. ती छोटीशी फिल्म त्यांनी लोकांना दाखवली आणि त्यावर पैसा उभा केला, घरातून सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्यांनी हरिश्चंद्राची महती सांगत बसण्यापेक्षा ‘मला हे यंत्र चालवता येतं’ एवढंच दाखवलं. समोरच्याची शंका नेमकी तीच होती. तुमच्या पिचमध्येही समोरच्याची शंका कोणती आहे ते आधी ओळखा, मग ती फेडायला मोबाईलवर केलेली अर्ध्या मिनिटाची टेस्ट पण पुरते.

आता एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

समजा एका ग्रुपला मुक्कामी एसटीवर फिल्म करायचीये. ज्यांचं गाव आडबाजूला आहे त्यांना मुक्कामी गाडी माहीत असेल, संध्याकाळची शेवटची गाडी गावात येते, रात्री तिथेच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपतात आणि सकाळी पहिली फेरी घेऊन तालुक्याला जातात. आणि तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे याच गाडीने जातात, आई सकाळी स्टॉपवर डबा देते आणि पोरगं तिकडे स्टँडवरून घेतं. ग्रुपच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पाऊस आहे, घाटातून येणारी एसटी आहे, गाडीत पंधरा प्रवासी, एक शेळी, ज्यांच्या घरी कंडक्टर रात्री जेवतो त्या काकूंचा नऊ वर्षांचा धाकटा मुलगा, रेडिओवर जुनं गाणं, रात्री गाडीच्या आत एक मोठा सीन आणि पहाटे गाडी निघून जाते. वाचायला छान वाटतं. आणि लॉगलाईन लिहिलीये, ‘बदलत्या ग्रामीण जीवनाची आणि आई-मुलीच्या नात्याची हृदयस्पर्शी कहाणी’.

लॉगलाईन म्हणजे एक-दोन वाक्यांत फिल्म. त्यात माणूस पाहिजे, त्याला काय करायचंय ते पाहिजे, काय आडवं येतंय ते पाहिजे आणि जमलं तर वेळेची मर्यादा. वरच्या वाक्यात यातलं काहीच नाही, ते वाक्य शंभर फिल्मना चालेल. हृदयस्पर्शी आहे की नाही ते बघणारा ठरवेल ना. मग आपण त्या ग्रुपला विचारतो की त्या रात्री कोणाची झोप उडालीये? काकूंची? पण काकूंना तर काही माहीतच नाही. ज्याला माहितीये की उद्या सकाळच्या फेरीनंतर ही गाडी बंद होणार तो कंडक्टर आहे. त्याला काकू रोज रात्री जेवायला वाढतात, सकाळी हॉस्टेलवरच्या मुलीचा डबा त्याच्याच हातात देतात, आणि आज त्याला त्यांना सांगायचंय. मग लॉगलाईन अशी होते: ‘मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला माहितीये की उद्याची फेरी या गावातली शेवटची, आणि ज्या काकू त्याला रोज जेवू घालून लेकीचा डबा त्याच्याकडे सोपवतात त्यांना हे त्याला सकाळी सहाच्या आत सांगायचंय.’

बघा, फिल्म काकूंची होती ती कंडक्टरची झाली. एक वाक्य नीट लिहायला बसल्यावर हे कळलं, अजून एक रुपया खर्च झालेला नाही. आणि हे आत्ता कळलं नसतं तर एडिटिंगला कळलं असतं, तेव्हा हातात सगळे क्लोजअप काकूंचे असते आणि कंडक्टर नेहमी पाठमोरा.

लॉगलाईननंतर सिनॉप्सिस, म्हणजे अर्ध्या-एक पानात पूर्ण गोष्ट, शेवटासकट. शेवट लपवू नका प्लीज. ‘पुढे काय होतं ते पडद्यावर बघा’ हे पोस्टरवर ठीक आहे, पॅनलला, म्हणजे पिच ऐकायला बसलेल्यांना, शेवट माहीत पाहिजे कारण तुम्हाला तो माहितीये का हेच त्यांना बघायचं असतं. मग ट्रीटमेंट, म्हणजे ही गोष्ट दिसणार आणि ऐकू येणार कशी. आणि डायरेक्टरची नोट, म्हणजे ही गोष्ट मीच का करतोय. या नोटमध्ये मुलं समाज, व्यवस्था, पिढी असे मोठे शब्द आणतात. त्यापेक्षा ‘मी तीन वर्षं एसटीने आलेला डबा खाल्लाय, झाकणाला आईने कापड बांधलेलं असायचं आणि आमटी तरी सांडायचीच’ हे लिहिलं तर वाचणारा पान उलटत नाही. तुमच्याकडे असं काही असेल तर ते लिहा, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी जाऊन दोन तास बोला आणि ते लिहा.

स्क्रिप्टच्या लांबीबद्दल एक छोटी गोष्ट. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी स्क्रिप्टच्या ठराविक फॉरमॅट आणि फॉन्टवर बसवलेला आहे, देवनागरीत तुम्ही कुठल्या फॉन्टमध्ये किती मोकळं लिहिता त्यावर तो कोलमडतो. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, न बोलण्याच्या जागा पण तेवढ्याच वेळ गप्प बसून घालवा, मग खरी लांबी कळते.

आता ब्रेकडाऊन. प्रत्येक सीन घेऊन त्यात काय काय लागतं ते वेगळं काढायचं: माणसं, जागा, दिवस की रात्र, वस्तू, कपडे, प्राणी, गाडी, आवाज. कंटाळवाणं काम आहे पण माझं सगळ्यात आवडतं आहे, कारण इथे फिल्म तुमच्याशी बोलायला लागते. आपल्या ड्राफ्टमधल्या एकेका गोष्टीला ‘तू नक्की कशाला आहेस’ असं विचारायचं.

शेळी. फिल्ममध्ये प्राणी वापरायचा तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, अगदी घरची शेळी असली तरी. शेळी गोष्टीत काही करत होती का? नाही, वातावरणासाठी होती. गेली.

धाकटा मुलगा. तो मात्र काम करतोय, कारण गाडी बंद होणार हे कंडक्टर चुकून त्याच्यासमोर बोलतो आणि मग रात्रभर त्याला धास्ती की पोरगं आईला सांगेल. म्हणजे तो राहणार. मग नियम समजून घ्यायचे: लहान मुलांकडून शूटिंगमध्ये दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. शाळेचं नुकसान होता कामा नये आणि आई-वडिलांची लेखी संमती हवी. नियम नसता तरी नऊ वर्षांच्या पोराला रात्री एक वाजता डोळे चोळत उभं करणं मला पटत नाही. त्याचे रात्रीचे सीन घरातले आहेत ना, मग खिडकीला बाहेरून काळं कापड लावून दुपारी घ्या. हे उत्तर पिचमध्ये दिलंत की पॅनलला कळतं की ह्यांनी विचार केलाय.

रेडिओवरचं जुनं गाणं. गाण्याचे शब्द-चाल याचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, दोन्हीकडून परवानगी लागते आणि स्टुडंट बजेटमध्ये ते बसणं अवघड. क्रेडिटमध्ये ‘आभार’ लिहिलं की चालतं हा गैरसमज आहे. काकू भांडी घासताना जात्यावरची एखादी पारंपरिक ओवी स्वतः गुणगुणल्या तर? ओवी कोणा एकाच्या मालकीची नाही, फक्त दुसऱ्याने केलेलं तिचं रेकॉर्डिंग उचलायचं नाही, तुमच्या नटीच्या आवाजात करायचं. आणि मला विचाराल तर इथे ओवीच जास्त शोभते. जाता जाता, कोणाच्या कथेवर फिल्म करायची असेल तर आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांच्या लिखाणाचे हक्क त्या हिशोबाने संपलेत. पण हयात लेखक असेल किंवा अलीकडेच गेलेला असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि ती पिचच्या आधी घ्या, कारण पॅनल पहिल्या दोन मिनिटांत हेच विचारतं.

आणि आता ती एसटी. मुलांना वाटतं की आगारात ओळख आहे, काका देतील गाडी. पण ती महामंडळाची गाडी आहे, रात्रीत पंधरा लोक बसवून घाटात फिरवायची म्हणजे लेखी परवानगी, भाडं, ड्रायव्हर, डिझेल, सगळं आलं, आणि वर घाटातल्या रस्त्यावर रात्री शूट करणं सुरक्षित नाही हे वेगळंच. मग काय, फिल्म सोडायची? नाही, जरा थांबून बघायचं की आपली गोष्ट कुठे घडतेय. कंडक्टर आणि काकूंच्या मध्ये, ओट्यावर, ताटाभोवती. एसटीच्या आत कशाला जायला पाहिजे? रात्री गाडी आली हे आपण घराच्या भिंतीवरून सरकणाऱ्या हेडलाईटच्या उजेडात दाखवू, दोन एलईडी एका हातगाडीवर बांधून ढकलले तरी तो उजेड मिळतो, सोबत हॉर्न आणि एअरब्रेकचा फुसकारा, तो आवाज तर कुठल्याही स्टँडवर परवानगीने रेकॉर्ड करता येईल. आणि खरी लालपरी फक्त एकदा दिसणार, शेवटच्या शॉटमध्ये, जाताना. पूर्ण फिल्मभर जी नुसती ऐकली ती एकदाच दिसते आणि तीही पाठमोरी. सांगा, आधीच्या पंधरा प्रवाशांपेक्षा हे चांगलं झालं की नाही? पैसे नाहीत म्हणून केलेली तडजोड म्हणून हे मांडू नका, पिचमध्ये हीच तुमची ट्रीटमेंट आहे, ठामपणे सांगा.

या हेडलाईटच्या शॉटची मोबाईलवर टेस्ट करून ठेवायची. हाच आपला वाटाणा.

त्या शेवटच्या शॉटचा हिशोब बघू, कारण प्लॅनिंग म्हणजे काय ते यात नीट दिसतं. स्क्रिप्टमध्ये गाडी सकाळी सहाला सुटते. डिसेंबरमध्ये सातारा भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सहाला मिट्ट काळोख. मे महिन्यात सहालाच उजाडतं. दिग्दर्शकाला पाहिजे तो निळसर फटफटीत उजेड, आणि तो सूर्य उगवायच्या आधी जेमतेम वीसेक मिनिटं टिकतो. एसटी एकदा पुढे गेली की वळवून परत जागेवर आणायला गावातल्या अरुंद रस्त्यावर सात-आठ मिनिटं सहज जातात. म्हणजे हातात दोन टेक, नशीब असेल तर तिसरा. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळेला, एसटीच्या जागी टेम्पो घेऊन पूर्ण रिहर्सल. आणि शूट डिसेंबरमध्ये असेल तर स्क्रिप्टमधले सहा वाजता बदलून पावणेसात करायचे, नाहीतर काकूंच्या मागे घड्याळ दिसलं की गोंधळ. ऋतूचा असा विचार खूप कमी मुलं करतात. पावसाचंही तसंच, खरा पाऊस कॅमेऱ्याला हवा तेव्हा येत नाही आणि आला तर पत्र्यावर एवढा वाजतो की एक शब्द वापरता येत नाही. आपल्या गोष्टीला पाऊस लागत नव्हता, काढला.

आवाजावरून रेकीकडे येतो. रेकी म्हणजे जागा जाऊन बघणं, पण नुसतं बघून भागत नाही. माझ्या स्वतःच्या शिकतानाच्या फिल्मची रेकी मी मंगळवारी दुपारी केली होती, घर सुंदर होतं, पडवीत उजेड छान, शांत एकदम. शूट ठेवलं रविवारी कारण सगळ्यांना सुट्टी. रविवारी सकाळी नऊला शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. मंगळवारी ती बंद होती आणि मी शेजारी काय आहे ते विचारलंच नव्हतं. गिरणीवाल्याची काहीच चूक नव्हती, त्याचा तो धंद्याचा दिवस. आम्ही दिवसभर संवाद तसेच घेतले, आवाज नंतर साफ करू म्हणून, आणि तो साफ झाला नाही, आईचं काम करणाऱ्या बाईंनी एका टेकमध्ये जे केलं होतं ते डबिंगमध्ये परत कधीच आलं नाही. त्या गोष्टीचं वाईट मला आजही वाटतं.

म्हणून रेकी ज्या वारी आणि ज्या वेळी शूट करणार त्याच वारी आणि त्याच वेळी करा. प्रत्येक जागी दोन मिनिटं कोणीही न बोलता मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी येऊन हेडफोन लावून ऐका, फ्रीजची घरघर, पाण्याची मोटर, देवळाचा भोंगा, कोंबडे, सगळं कळतं. गावात यात्रा कधी आहे, लग्नाचा हॉल जवळ आहे का, गणपती-नवरात्रात मांडव कुठे पडतो ते विचारा. फोटो काढताना चारी भिंती काढा, फक्त आवडलेली एक नको. प्लग मोजा. घरातला साधा प्लग साधारण ६ अँपिअरचा असतो, तुम्ही एक किलोवॅटचे दोन लाईट एकाच बोर्डावर लावले तर २००० भागिले २३० म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर झाले, फ्यूज उडणार किंवा वायर तापणार. म्हणून एकतर एलईडी न्या किंवा जास्त लोडचा मोठा प्लग (पॉवर पॉइंट) कुठे आहे ते बघून ठेवा आणि एक वायरमन नंबरसह वहीत लिहून ठेवा. शेतातल्या घरात शूट असेल तर अजून एक, शेतीच्या लाईनला वीज ठराविक तासच असते आणि ते तास कधी दिवसाचे असतात कधी रात्रीचे, त्या आठवड्यात काय आहे ते शेतकऱ्यालाच विचारा, त्याला पाठ असतं.

मग शेड्यूल. शूट गोष्टीच्या क्रमाने होत नाही हे सगळ्यांना माहितीये, जागेप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे होतं. पण एका दिवसात किती शॉट होतील याचा अंदाज नवीन ग्रुपचा हमखास चुकतो, म्हणून हिशोब मांडून बघू. आपली फिल्म १२ मिनिटांची, शॉट ६०, दिवस ३, म्हणजे रोज २०. बारा तासांची शिफ्ट म्हणजे ७२० मिनिटं. जेवणाचा एक तास गेला, जागा बदलण्यात दोन तास, सकाळी पहिला शॉट लागेपर्यंत एक तास. उरले ४८०. वीस शॉटमध्ये भागले तर एका शॉटला २४ मिनिटं, आणि त्यात लाईट हलवणं, रिहर्सल, फोकस आणि सगळे टेक आले. माझ्या अनुभवाने रात्रीच्या सीनला हे पुरत नाही. म्हणजे एकतर चौथा दिवस पाहिजे किंवा शॉट कमी. इथे मी नेहमी शॉट कमी करायला सांगतो, आपल्या जेवणाच्या सीनमध्ये ११ शॉट लिहिले होते, ताट, पाणी, हात, चेहरा, परत हात. कंडक्टर खाली बघून जेवतोय आणि काकू वाढतायत हे एकाच लांब शॉटमध्ये धरलं तर त्याचं न बोलणं जास्त टोचेल. आणि रात्री दोनला पॅकअप करून सकाळी सातचा कॉलटाईम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, देऊ नका, लोक पोरंच असली तरी त्यांना झोप लागते आणि त्यांना गाडी चालवून घरी जायचं असतं.

बजेटचं मुलं दोन प्रकारे करतात, एकतर सगळा पैसा कॅमेऱ्यात, नाहीतर एक गोल आकडा. सुरुवात जेवणापासून करा. १८ माणसं, ३ दिवस, माणशी रोज नाश्ता-चहा-दोन जेवणं धरून २५० रुपये पकडले तर १३,५०० झाले, आणि हे टाळता येत नाही, फुकट काम करणाऱ्या मित्रांना किमान पोटभर जेवायला मिळालंच पाहिजे. मग प्रवास, मग राहणं. त्यानंतर साऊंड. मी ठामपणे सांगतो, कॅमेरा एक पायरी खालचा घ्या पण साऊंडवाला माणूस आणि चांगला माईक घ्या. मग आर्ट, म्हणजे स्टीलचा डबा, कापड, तिकिटांची मशीन, आणि कंडक्टरचा गणवेश, तोही इस्त्री केलेला नको, दिवसभर फेऱ्या मारून आलेला दिसला पाहिजे. हार्डडिस्क दोन, एक नाही. १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, रेकॉर्ड केलं तर मिनिटाला साधारण ७५० एमबी होतात, ६० शॉट गुणिले ४ टेक गुणिले सरासरी एक मिनिट म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे १८० जीबी, आणि दोन्ही कॉप्या धरून ३६०. दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत. आणि एकूण रकमेवर दहा टक्के अडीअडचणीचे धराच.

कागदपत्रांचं थोडक्यात: घरमालकाची लेखी संमती, प्रत्येक कलाकाराची सही, ग्रामपंचायत आणि जवळच्या पोलीस स्टेशनला पत्र, महाराष्ट्रात सरकारी जागा असेल तर चित्रनगरीवाल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे तिथे चौकशी, रेल्वे स्टेशन असेल तर रेल्वेकडे वेगळा अर्ज, रायगडासारखा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडचा किल्ला असेल तर त्यांची वेगळी परवानगी. ड्रोन उडवायच्या आधी त्या जागेचा झोन, म्हणजे तिथे उडवायला मोकळीक आहे का, ते तपासा. आणि एक कागद आपसातला: कोणाचं क्रेडिट काय, फिल्मचे हक्क कॉलेजचे की आपले, फेस्टिव्हलला पाठवायचे पैसे कोण भरणार. जिवलग मित्रांचे ग्रुप या एका न केलेल्या कागदावरून तुटलेले मी बघितलेत.

एवढं झालं की पिच बनवायला खरं तर काही उरत नाही, सगळं हातात असतं. लुकबुकमध्ये, म्हणजे फिल्म कशी दिसेल ते सांगणाऱ्या चित्रांच्या संचात, मोठ्या मोठ्या सिनेमांच्या फ्रेम भरू नका, पॅनल बघून म्हणतं की हे दुसऱ्याचं झालं, तुमचं काय? रेकीला मोबाईलवर काढलेले त्या घराचे, ओट्याचे, स्टॉपवरच्या वडाचे फोटो लावा. संदर्भाला एखाद-दुसरी फ्रेम ठीक आहे, पण त्यातला उजेड घ्यायचाय की रंग ते नेमकं सांगता आलं पाहिजे. स्लाईडवर शब्द कमी, कारण लोक वाचायला लागले की ऐकत नाहीत.

बोलताना सुरुवात गोष्टीने. ‘नमस्कार, आमच्या ग्रुपचं नाव अमुक आणि आम्ही एक सामाजिक विषय’ असं सुरू केलं की समोरचे मोबाईल बघतात. त्याऐवजी, ‘रात्रीचे साडेआठ, कंडक्टर हात धुवून पाटावर बसलाय, काकूंनी भाकरी वाढली, आणि त्याला घास गिळत नाहीये, कारण त्याच्या खिशात उद्या सकाळच्या फेरीनंतर ही गाडी बंद असल्याचा कागद आहे’. सात मिनिटं दिली असतील तर तीन गोष्टीला द्या, दोन ट्रीटमेंट आणि टेस्टला, उरलेली कुठे, कधी, कितीत आणि कोणासोबत याला. मराठीत विचार करत असाल तर मराठीत बोला, पॅनलमध्ये मराठी न कळणारं कोणी असेल तर हिंदी मिसळा, पण पाठ केलेली इंग्रजी वाक्यं नकोत, एक शब्द विसरला की पूर्ण गोष्ट हातातून जाते. ही कॉलेजपुरती गोष्ट नाही बरं का, गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासोबत २००७ पासून एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो, तिथे मुरलेले दिग्दर्शक पण निर्मात्यांसमोर आपला प्रोजेक्ट असाच थोडक्या वेळात मांडतात. आधी घरी आईला सांगून बघा, सिनेमाशी संबंध नसलेल्या माणसाला. ती मध्येच ‘मग त्या पोरीच्या डब्याचं काय झालं?’ विचारते का बघा. विचारलं तर गोष्ट लागली.

प्रश्नांना घाबरू नका आणि उत्तर माहीत नसेल तर ‘हे अजून बघितलेलं नाही, अमुक दिवशी बघून सांगतो’ म्हणा, ते चालतं. थाप पटकन पकडली जाते. आपल्या फिल्मला तीन प्रश्न नक्की येणार. एसटी मिळाली नाही तर? तर शेवटचा शॉट काकूंच्या चेहऱ्यावर, गाडीचा आवाज लांब जातोय, आणि तोही शॉट आम्ही शेड्यूलमध्ये धरलाय. मुलगा रात्री कसा? दुपारी, काळं कापड लावून, रोज पाच तासांच्या आत. आणि तिसरा, कंडक्टर शेवटी सांगतो का? या उत्तरात ‘बघू’ नको. आमच्या ग्रुपने ठरवलंय की तो सांगत नाही, डबा घेतो, आणि गाडी वळणावर जाते तेव्हा काकूंच्या हातात रात्रीच्या जेवणाच्या ताटाखाली ठेवलेला तो कागद असतो, जो त्यांना वाचता येत नाही, आणि धाकटा मुलगा तो वाचायला लागतो.

पिच पास झालं तर त्याच दिवशी दोन कामं: पॅनलने जे जे सुचवलं ते सगळं उतरवून काढायचं, पटलेलं आणि न पटलेलं दोन्ही, आणि एसटीचा अर्ज टाईप करायला घ्यायचा. त्यात तारीख, वेळ, रस्ता, गाडी थांबणार कुठे आणि वळणार कुठे, किती माणसं असणार हे सगळं लिहायचं, सोबत कॉलेजचं पत्र आणि शेवटच्या सीनचं एक पान जोडायचं. अर्ज द्यायला डायरेक्टरने स्वतः जायचं, आणि साहेबांना वेळ असेल तर त्यांनाही ती गोष्ट सांगायची, पाटावर बसलेल्या कंडक्टरपासून.